एअर सस्पेन्शनसाठी टाकी आणि कॉम्प्रेसर कसा निवडावा

गाडीला एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी बॅगांवर गाडी तोलणारी यंत्रणा, बसवायचं ठरलं की बहुतेक जण आधी कॉम्प्रेसर पसंत करतात, मग दाबलेली हवा साठवायला डिकीत मावेल तेवढी टाकी घेतात आणि सस्पेन्शनच्या रबरी बॅगांचा विचार शेवटी करतात. हा क्रम उलटा करा. बॅगांना किती हवा लागते यावरून टाकी ठरते, टाकीवरून कॉम्प्रेसर आणि कॉम्प्रेसरवरून वायर. या वाटेने गेलात तर दुकानदाराने पुढे केलेल्या प्रत्येक वस्तूबद्दल 'ही माझ्या कामाची आहे का' हे तुमचं तुम्हालाच सांगता येईल.

आधी टाकी लागते का ते पाहा

माल भरला की पिकअप मागे बसतो, किंवा सात माणसं आणि सामान घेऊन निघालं की एसयूव्हीचं नाक वर होतं. एवढीच अडचण असेल तर मूळ पाटे किंवा स्प्रिंग तशीच ठेवून मागे दोन मदतनीस बॅगा बसवतात. अशी प्रत्येक बॅग साधारण दीड लिटरची धरा. रिकाम्या गाडीत तिच्यात अर्धा बार (बार हे दाबाचं एकक, साधारण वातावरणाच्या दाबाएवढं) हवा ठेवली आणि माल भरल्यावर ती चार बारपर्यंत नेली, तर एका बॅगेला सव्वापाच लिटर आणि दोघींना मिळून साडेदहा लिटर मोकळी हवा लागेल. मोकळी हवा म्हणजे बाहेर असते तशी, न दाबलेली. मिनिटाला पंधरा लिटर देणारा लहान कॉम्प्रेसर हे काम मिनिटभरात करतो. इथे टाकीवर पैसे घालवू नका. एक छोटा कॉम्प्रेसर, गेज आणि प्रत्येक बॅगेची वेगळी नळी एवढं पुरतं. महिन्यातून एकदाच माल नेत असाल तर टायरमध्ये हवा भरायचा पंपही चालेल.

दोन्ही बॅगा एकाच नळीवर मात्र जोडू नका. वळणावर दाबली गेलेली बॅग आपली हवा पलीकडच्या बॅगेत ढकलते आणि गाडी आणखी कलते.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. बॅगांमुळे गाडीची मालवाहू क्षमता वाढत नाही. आरसी बुकावर जे वजन आहे तेच कायम राहतं, कारण अ‍ॅक्सल, ब्रेक आणि टायर पूर्वीचेच असतात. बॅग फक्त मागची बाजू सरळ ठेवते.

चारही चाकांना बॅगा असतील आणि गाडी बटणावर वरखाली करायची असेल, तर टाकी लागतेच. पुढचा सगळा हिशोब त्या गाड्यांसाठी आहे. त्यात हात घालण्याआधी कायदा बघून घ्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. म्हणून आरटीओ आणि विमा कंपनी या दोन्हीकडे आधी विचारा, गाडी नंतर उघडा.

बॅगांना लागणारी हवा मोजा

बॅगेच्या माहितीपत्रकात दोन उंचींचं आकारमान दिलेलं असतं. समजा, गाडी खाली असताना बॅगेत दोन लिटर जागा आहे आणि गेजवर दोन बार दिसतो. गाडी वर गेल्यावर जागा साडेतीन लिटर आणि दाब पाच बार होतो. गेजचा शून्य हा वातावरणाच्या दाबावर असतो, म्हणून हिशोबात दोन्हीकडे एक बार मिळवायचा. खाली असताना २ गुणिले ३, म्हणजे ६ लिटर मोकळी हवा. वर असताना साडेतीन गुणिले ६, म्हणजे २१ लिटर. फरक १५ लिटरचा. चार बॅगांना ६० लिटर.

आता टाकी. बाजारात मिळणारी पाच गॅलनची टाकी म्हणजे साधारण १९ लिटर. तिच्यातून ६० लिटर मोकळी हवा काढली की दाब ६० भागिले १९, म्हणजे ३.२ बारने उतरतो. टाकी १० बारवर असेल तर ६.८ उरेल. बॅगेला पाचच हवे आहेत, त्यामुळे गाडी एका दमात वर येते. तीच टाकी साडेनऊ लिटरची असेल तर दाब ६.३ बारने उतरून ३.७ वर येईल. बॅगेला पाच हवेत आणि टाकीत तेवढे नाहीतच, तर गाडी अर्ध्यावर थांबणार आणि कॉम्प्रेसरने उरलेली हवा भरेपर्यंत तिथेच राहणार.

पण हा हिशोब टाकी पूर्ण भरलेली धरून झाला, आणि नेमकी इथेच फसगत होते. प्रेशर स्विचला दोन आकडे असतात. ११०–१४५ पीएसआयचा (पीएसआय हेही दाबाचंच एकक) स्विच १४५ ला, म्हणजे १० बारला, कॉम्प्रेसर बंद करतो आणि दाब ११०, म्हणजे ७.६ बारपर्यंत उतरल्यावरच पुन्हा चालू करतो. तुम्ही बटण दाबलंत तेव्हा टाकी ७.६ च्या जरा वरच असेल, तर त्यातून ३.२ जाऊन ४.४ उरतात. म्हणजे पाचला कमीच. म्हणून हिशोब नेहमी स्विचच्या खालच्या आकड्यावरून करा.

यातून दोन वाटा निघतात. एक, १९ लिटरच्या दोन टाक्या घ्या. मग दाब फक्त १.६ बारने उतरतो आणि सहा बार शिल्लक राहतात. दुसरी, टाकी एकच ठेवून १६५–२०० पीएसआयचा स्विच घ्या. तिथे खालचा आकडा ११.४ बार आहे, त्यामुळे आठच्या वर शिल्लक राहते. दुसऱ्या वाटेने जागा वाचते, पण कॉम्प्रेसर, टाकी, नळ्या, व्हॉल्व्ह आणि सगळे जोड २०० पीएसआयला चालणारे हवेत. शिवाय वरच्या दाबाला कॉम्प्रेसर जास्त तापतो. डिकीत जागा असेल तर मी दोन टाक्यांच्या बाजूने आहे. कमी दाबावर चालणारी यंत्रणा जास्त टिकते आणि जोडही कमी गळतात.

टाकी घेताना

टाकीवर कमाल दाबाचा शिक्का किंवा पट्टी असलीच पाहिजे. ती नसेल तर टाकी कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. जुना गॅस सिलिंडर, आग विझवायचं नळकांडं, पीव्हीसी पाइप यांपासून टाकी बनवून देणारे भेटतात. दहा बारवर भरलेलं भांडं फुटलं तर डिकीपुढे बसलेल्या माणसाला वाचायची संधी मिळत नाही. यात तडजोड नको. टाकीला सेफ्टी व्हॉल्व्हही हवाच. स्विच ज्या दाबाला बंद होतो त्याच्या वर आणि टाकीच्या कमाल दाबाच्या खाली तो उघडला पाहिजे. १५० पीएसआयच्या यंत्रणेला साधारण १७५ चा व्हॉल्व्ह लावतात.

लोखंडी टाकी स्वस्त आणि दणकट असते, पण आतून गंजते आणि गंजाची भुकटी व्हॉल्व्हमध्ये अडकते. अ‍ॅल्युमिनियमची हलकी असते, लोखंडासारखी गंजत नाही, महाग पडते. ती घ्याल तर ब्रॅकेटखाली रबर द्या, नाहीतर खडबडीत रस्त्यांवर वेल्डिंगला तडे जातात. टाकीला किती भोकं आहेत तेही मोजा. कॉम्प्रेसर, स्विच, सेफ्टी व्हॉल्व्ह, गेज, बॅगांकडे जाणारी वाट आणि सर्वांत खाली पाणी काढायचा नळ, अशी किमान सहा लागतात.

खरेदीच्या वेळी आटेही तपासा. अमेरिकी टाक्यांना एनपीटी (अमेरिकी मापाचे) आटे असतात आणि आपल्या हार्डवेअरच्या दुकानात बहुधा बीएसपी (ब्रिटिश मापाचं) फिटिंग मिळतं. पाव इंचाच्या मापात एनपीटीला इंचात १८ आटे आणि बीएसपीला १९, शिवाय आट्यांचा कोनही वेगळा. दोन-तीन फेरे नीट बसल्यासारखे वाटतात, पुढे आटे खराब होतात. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळली तरी असा जोड धरत नाही.

आता कॉम्प्रेसर

डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेली 'मिनिटाला इतके लिटर' ही क्षमता शून्य दाबाची असते. दाब वाढला की ती निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. म्हणून माहितीपत्रकातला दाबानुसार प्रवाहाचा तक्ता मागा. तो मिळत नसेल तर तो कॉम्प्रेसर सोडा.

दुसरा आकडा ड्यूटी सायकलचा. ३३ टक्के म्हणजे दहा मिनिटं चालला तर वीस मिनिटं विश्रांती. हा आकडा कोणत्या दाबाला आणि कोणत्या तापमानाला दिला आहे तेही बघा, कारण १०० पीएसआयला १०० टक्के लिहिलेला कॉम्प्रेसर २०० ला तेवढा राहत नाही. आपल्याकडे मे महिन्यात बंद डिकीत कॉम्प्रेसरचा श्वास आणखी कोंडतो. आपल्या उदाहरणात सरासरी २५ लिटर देणारा कॉम्प्रेसर रिकामी टाकी १० बारपर्यंत भरायला आठ मिनिटं घेईल, आणि एकदा गाडी उचलून झालेली घट भरून काढायला अडीच. दिवसातून दोन-चार वेळा गाडी वरखाली करणाऱ्याला ३३ टक्केवाला पुरतो. दर सिग्नलला बटण दाबायची हौस असेल तर १०० टक्केवालाच घ्या.

इमारतीची गच्चीवरची टाकी लहान असली की खालची मोटर सारखी चालू-बंद होऊन जळते. इथेही तसंच होतं. टाकी मोठी असेल तर कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, पण कमी वेळा चालू होतो आणि मधे थंड व्हायला त्याला वेळ मिळतो.

एक मोठा कॉम्प्रेसर की दोन मध्यम? मी दोन सुचवेन. एक बंद पडला तरी दुसऱ्याच्या जिवावर घरी येता येतं. लडाखला जाणाऱ्यांनी हे जास्तच मनावर घ्यावं. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांश असतो, त्यामुळे कॉम्प्रेसर तेवढी कमी हवा ओढतो आणि टाकी भरायला दीडपट वेळ घेतो.

वायर आणि फ्यूज

बारा व्होल्टचा मध्यम कॉम्प्रेसर २० ते ३० अँपिअर खातो. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर वायर धरली, तर अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत ३० अँपिअरला सुमारे एक व्होल्ट वाटेतच जातो. सहा चौरस मिलिमीटरची घेतली तर अर्ध्या व्होल्टपेक्षाही कमी. प्रेशर स्विचमधून थेट कॉम्प्रेसरचा प्रवाह नेऊ नका. स्विच रिले (लहान प्रवाहावर चालून मोठा प्रवाह जोडणारा स्विच) चालवेल आणि रिले कॉम्प्रेसर चालवेल. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, डिकीत नव्हे. दोन कॉम्प्रेसर असतील तर प्रत्येकाला वेगळा फ्यूज आणि वेगळा रिले द्या. ही सगळी वायर इग्निशनवर चालू होणारी ठेवा, नाहीतर कुठे बारीक गळती झाली की रात्रभर कॉम्प्रेसर चालून सकाळी बॅटरी बसलेली सापडेल.

मालट्रक आणि बसचं गणित वेगळं आहे. डिझेलवर चालणारी शिवनेरी बस थांब्यावर फुस्स करते ती हवा इंजिनावरच्या कॉम्प्रेसरची, आणि तीच ब्रेकलाही लागते. तिथे आधी ब्रेकला हवा मिळेल अशी व्यवस्था निर्मात्यानेच केलेली असते. ब्रेकच्या टाकीतून कुठल्याही जास्तीच्या कामासाठी नळी काढू नका.

पाण्याचा बंदोबस्त

आपल्या हवामानात सर्वांत जास्त यंत्रणा पाण्याने खराब होतात, म्हणून इथे थोडं थांबू या. पावसाळ्यात कोकणात तीस अंश तापमानाला आणि नव्वद टक्के आर्द्रतेला एक घनमीटर हवेत साधारण २७ ग्रॅम बाष्प असतं. १९ लिटरची टाकी १० बारवर भरली की तिच्यात दोनशेच्या वर लिटर मोकळी हवा मावते, म्हणजे सहा ग्रॅमच्या आसपास बाष्प आत येतं. टाकीतली हवा पुन्हा थंड झाली की तेवढ्या जागेत बाष्परूपात अर्धा-पाऊण ग्रॅमच राहू शकतं. उरलेलं पाच ग्रॅम पाणी होऊन तळाशी बसतं. चहाचा एक चमचाभर पाणी, तेही एकदाच टाकी भरल्यावर. तळाचा नळ उघडला की आधी गढूळ पाण्याची चिळकांडी येते, मग तुषार, आणि शेवटी कोरडी हवा. लोखंडी टाकीचं पाणी तांबूस आलं तर आत गंज सुरू झाला आहे.

वॉटर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारं भांडं, कॉम्प्रेसरला चिकटून लावला तर त्याचा उपयोग नाही. तिथे हवा इतकी गरम असते की पाणी बाष्परूपातच पुढे निघून जातं. मीटरभर लांब लावा, म्हणजे हवा गार होऊन पाणी ट्रॅपमध्येच पडेल. कॉम्प्रेसरसोबत येणारी स्टीलच्या जाळीची नळी कापू नका किंवा तिच्या जागी प्लास्टिकची लावू नका, प्लास्टिक तिथे वितळतं. त्या नळीच्या टोकाचा एकदिशा व्हॉल्व्ह टाकीतली हवा मागे येऊ देत नाही. तो काढलात तर कॉम्प्रेसर दर वेळी टाकीच्या पूर्ण दाबाविरुद्ध सुरू होईल. कॉम्प्रेसर गाडीखाली बसवणार असाल तर हवा ओढणारा फिल्टर नळीने वर, कोरड्या जागी न्या.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा आणि एरवी महिन्यातून एकदा नळ उघडायचा.

शेवटी चाचणी

टाकी पूर्ण भरा, साबणाचं पाणी करून ब्रशने प्रत्येक जोडावर लावा. बुडबुडे आले तर आधी दाब सोडा, मगच जोड घट्ट करा. दाबाखाली असलेल्या फिटिंगवर पाना लावू नका. मग संध्याकाळी गेजवरचा आकडा आणि तापमान दोन्ही लिहून ठेवा, कॉम्प्रेसरचा फ्यूज काढा आणि गाडी रात्रभर तशीच सोडा. सकाळी दाब थोडा उतरलेला असेल. ३५ अंशांवरून २० अंशांवर हवा गार झाली की १५० पीएसआयचे १४२ होतातच, त्यात गळती नाही. त्याहूनही खाली गेला असेल तर आधी टाकी आणि बॅगा यांच्या मधले व्हॉल्व्ह तपासा, नंतर जोड. बॅगा स्वतः क्वचितच गळतात.