आई-पोराचं पेंटिंग कॉपी करत ऑइल पोर्ट्रेट कसं शिकायचं

ऑइलमध्ये चेहरे काढायचेत पण समोर बसणार कोण, घरचे दहा मिनिटांत उठून जातात, म्हणून सरळ कॉपी करा. मी राजा रविवर्मांचं 'देअर कम्स पापा' घेतलं, 1893 चं, त्यात त्यांचीच मुलगी महाप्रभा पोराला घेऊन उभी आहे. आई-पोर अशासाठी की एकाच उजेडात दोन वयांची कातडी शेजारी-शेजारी बघायला मिळते, आणि आईचा हात पोराच्या अंगाला जिथं टेकतो ना, तिथंच आपली वाट लागते. तेवढी जागा जमली की बरंच जमलं.

पूर्ण चित्र नका घेऊ, कमरेवरचा भाग क्रॉप करून 9 बाय 12 इंचाची प्रिंट काढा, मॅट पेपरवर, ग्लॉसी चमकतो. कॅनव्हास 12 बाय 16. प्रिंटवर दीड इंचाचे चौकोन आखा, कॅनव्हासवर दोन इंचाचे, म्हणजे दोन्हीकडं सहा बाय आठच बसतात, एकेक चौकोन बघून उतरवायचा, हिशोबाची कटकट नाही.

ड्रॉइंगला घाई केली की पुढं रडावं लागतं. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात, लहान पोराचे मध्याच्या खाली, कपाळ मोठं, हनुवटी इवलीशी. मी पहिल्यांदा मध्यावरच काढले तर आई म्हणली, "हे पोर रिटायर झाल्यासारखं दिसतंय की!" मग सगळं खोडलं.

आता बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, टर्पेंटाइनमध्ये (ऑइल रंग पातळ करायचं द्रव) पातळ करून कॅनव्हासवर फडक्यानं चोळा. फडकं म्हणजे जुनं सुती धोतर नाहीतर साडीचा तुकडा, सोलापुरात टॉवेलला तोटा नाही पण त्याचे तंतू रंगात चिकटतात आणि चिमट्यानं काढत बसावं लागतं. त्याच अंबरनं नुसता उजेड-अंधार मांडा, मोबाइलवर प्रिंट आणि कॅनव्हास दोन्हींचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून शेजारी ठेवून बघा, चूक लगेच दिसते. अंबर लवकर वाळतो, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तर अजूनच. फक्त धूळ सांभाळा, कॅनव्हास भिंतीकडं तोंड करून ठेवा.

रंगाचे तीन ढीग करा. उजेडाला टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि नखभर व्हर्मिलियन (शेंदरी लाल), मधल्याला ऑकर, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि थोडा व्हाइट, सावलीला बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन (गडद निळा). पोर गोरं-गुबगुबीत दाखवायला व्हाइट ओतला की ते खडूचं होतं. ऑकर-व्हर्मिलियन जरा वाढवा आणि सावली फार गडद करू नका, मऊपणा त्यातनंच येतो.

आता ती हाताची जागा. मी तिथं काळी रेघ मारली होती, हात स्टिकर लावल्यासारखा दिसायला लागला. तिथं काळा आणूच नका. बोटं रुततात तिथं बर्न्ट सिएनात किंचित व्हर्मिलियन, अगदी बारीक, तेही सगळीकडं एकसारखं नाही, आणि रंग ओला असतानाच कोरडा स्वच्छ ब्रश एकदाच हलकेच फिरवा, दुसऱ्यांदा फिरवला की चिखल. शेजारच्या सावलीत थोडा गरम रंग टाका कारण एका कातडीचा उजेड दुसरीवर पडतो.

पहिला थर टर्पेंटाइनवर, वरच्या थरांत लिनसीड वाढवत न्या, उलटं केलं तर पुढं तडे जातात. लिनसीड म्हणजे आपलं चटणीतलं जवसच, पण घाण्याचं तेल आणू नका, आर्टिस्टवालं रिफाइन्ड घ्या. आणि हे नीट ऐका, लिनसीडची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात, काम झालं की पाण्यानं भरलेल्या डब्यात टाकायची.

व्हार्निशला सहा महिने थांबा. मागं मात्र आजच लिहून टाका, 'रविवर्मांच्या चित्रावरून', खाली तुमचं नाव आणि तारीख.