जर्मन खलाशाची जुनी पत्रं: आधी पाकीट बघा

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन नौसैनिकाची पत्रं हाती लागली की आपण लगेच मजकूर वाचायला बसतो आणि तिथेच अडकतो, कारण जहाजाचं नाव, बंदर, काहीच लिहायची परवानगी नसायची.

आधी पाकीट बघा. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात 'एम' आणि पुढे पाच आकडे असतील, तो नौदलाचा फेल्डपोस्ट नंबर, म्हणजे जहाजाच्या किंवा तुकडीच्या नावाऐवजी वापरायचा लष्करी टपालाचा सांकेतिक क्रमांक. एक वही घ्या, तारीख, नंबर आणि हुद्दा असे तीन कॉलम करा, सगळी पाकिटं तारखेनं लावा. नंबर बदलला म्हणजे बहुतेक बदली झाली, हे मजकूर न वाचताच कळतं! मग फेल्डपोस्ट नंबरांच्या यादीत जहाज किंवा तुकडी शोधा. जहाज कळलं की त्याची युद्ध-डायरी फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात आहे का बघा, आणि माणसाच्या नोंदींसाठी पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव देऊन बर्लिनच्या बुंडेसआर्काइव्हकडे, म्हणजे जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे अर्ज करा. उत्तराला वेळ लागतो, तोवर पत्रं वाचत बसा.

अक्षर जुन्या वळणाचं असेल, १९४१ पर्यंत शाळेत तेच शिकवायचे. त्यात 'ई' हा 'एन'सारखा दिसतो, आणि ज्याच्या डोक्यावर छोटी कमान तो 'यू'. एवढं डोक्यात बसलं तरी निम्मं काम सोपं होतं, खरंच.

फक्त एक, एकच नंबर पुढे दुसऱ्या तुकडीलाही दिला जायचा, म्हणून तारीख जुळवल्याशिवाय जहाज पक्कं धरू नका. आणि पाकीट कधीच फेकू नका.