समुद्रापासून लांब, नाशकात बसून मुलांना समुद्रजीवन कसं शिकवावं

नाशिकच्या मुलाला समुद्रात काय असतं असं विचारलं, तर शार्क, डॉल्फिन, ऑक्टोपस ही नावं धडाधड येतात. सगळी कार्टूनमधली. पापलेट किंवा बांगडा ताटात येत असला तरी तो पाण्यात कसा राहतो, काय खातो, हे सांगता येत नाही. दोष कार्टूनचा नाही. ते समुद्राची ओढ लावतं, आणि तेवढं काम फार चांगलं करतं. खरं-खोटं निवडायचं काम चित्रपुस्तकाचं आणि आपलं. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसोबत हे घरी कसं जमवायचं, ते क्रमाने पाहू.

आधी चित्रपट नुसता बघू द्या. मध्ये थांबवून 'बघ हं, हा कोणता मासा?' असं विचारत बसलात तर पोरं दुसऱ्यांदा तुमच्यासोबत टीव्हीसमोर बसणार नाहीत. पहिला दिवस गोष्टीचा. दोन-तीन वर्षांच्या भावंडाला पडद्यापेक्षा पुस्तकच द्या.

दुसऱ्या वेळी पाच-दहा मिनिटांचा एकच तुकडा लावा. सोबत एक वही ठेवा. डाव्या पानावर 'चित्रपटात दिसलं', उजव्या पानावर 'खरं काय'. डावं पान मुलाने भरायचं, चित्र काढून भरलं तरी चालेल. उजवं लगेच भरायची घाई नको.

उदाहरणादाखल 'फाइंडिंग निमो' (२००३) घेऊ. त्यात देवमाशाच्या तोंडात अडकलेले दोन मासे त्याच्या डोक्यावरच्या भोकातून फवाऱ्यासोबत बाहेर उडतात. प्रसंग झकास आहे, पण खऱ्या देवमाशात हे होणार नाही. डोक्यावरचं ते भोक म्हणजे त्याची नाकपुडी. तिची वाट फुप्फुसांकडे जाते, तोंडाकडे नाही. इथून पुढचा प्रश्न मुलं स्वतःच काढतात: माशाला फुप्फुसं कशी? मग कल्ले आणि फुप्फुसं यातला फरक सांगा आणि शेपटीची खूण शिकवा. माशाची शेपटी डावी-उजवीकडे हलते. देवमासा आणि डॉल्फिन सस्तन प्राणी, त्यांची वर-खाली. ही खूण एकदा कळली की मुलं प्रत्येक कार्टूनमधल्या शेपट्या तपासत सुटतात.

त्याच चित्रपटात खोल अंधारात डोक्यावर दिवा लटकवणारा मासा येतो. असे मासे खरंच असतात, फक्त तो दिवा मादीलाच असतो. आणि मुलगा आठ-नऊ वर्षांचा असेल तर चित्रपटाचा छोटा नायक निमो याच्या, म्हणजे क्लाउनफिशच्या, जातीची गंमतही सांगा. या माशांच्या गटात मादी प्रमुख असते. ती मेली की तिचा जोडीदार नर स्वतःच मादी होतो. लहानांना हे सांगायची गरज नाही, निमोच्या बाबांवर त्यांचा जीव असतो.

मग पुस्तक उघडा. उजवं पान इथे भरायचं. मराठी चित्रपुस्तकांसाठी नॅशनल बुक ट्रस्टची यादी पाहा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट वाचता येतात. १८४० सालापासूनचं आपलं सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, आहेच, तिथे बालसाहित्याच्या कपाटापाशी मुलालाच पुस्तक निवडू द्या. मजकूर आधी वाचून दाखवू नका. चित्रात डोळे, कल्ले, पर कुठे आहेत ते मुलाला बोटाने दाखवू द्या आणि मग वाचा. ज्या पुस्तकात माशाला पापण्या आणि ओठ काढलेत, ते गोष्टीसाठी ठेवा, तपासण्यासाठी नको.

आकार पुस्तकातही कळत नाही, तो जमिनीवर मोजा. पानावर निमो आणि देवमासा दोघेही वीतभरच. निळा देवमासा जवळपास ३० मीटरपर्यंत वाढतो. तेवढी सुतळी घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये पसरा. बहुतेक वेळा ती फाटकाबाहेर जाते आणि शेजारची पोरंही गोळा होतात. निमोच्या जातीचे मासे मात्र मुलाच्या तळहाताएवढेच.

समुद्राच्या खारटपणासाठी एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ घाला, म्हणजे साधारण सहा सपाट छोटे चमचे. थेंबभर जिभेला लावून थुंकायचं. मग निमो पाळायचा हट्ट आला की उत्तर तयार असतं: गोल्डफिश आणि गप्पी गोड्या पाण्यातले, निमो आपल्या नळाच्या पाण्यात जगणार नाही.

नकाशावर नाशिक शोधा. माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी हीच, आणि नेमकी हीच बहुतेक जण गाळतात. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर बोट ठेवा. अरबी समुद्र इतका जवळ असूनही गोदावरी पाठ फिरवून सुमारे १,४६५ किलोमीटर पूर्वेला जाते आणि आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच परिसरात उगम पावणारी वैतरणा पश्चिमेला, अरबी समुद्राला. रामकुंडात तरंगणारी प्लॅस्टिकची पिशवी पुढे कुठल्या दिशेने जाईल, हे मुलाला नकाशावर बोट फिरवून शोधू द्या.

मासे खाणारं घर असेल तर मासळी बाजारात मुलाला सोबत न्या. कल्ल्याचं झाकण उचलून आतले लाल कल्ले दाखवायला विक्रेते सहसा नाही म्हणत नाहीत. ताजेपणा तसाच तर पाहतात. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट राज्य मासा जाहीर झाला, हेही तिथेच सांगून टाका.

कोकणात जाणार असाल तर वही सोबत घ्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहायची, तर मे महिन्याची सुट्टी उशिराची ठरते. फेब्रुवारी अखेरपासून एप्रिलपर्यंतची तारीख काढा आणि निघण्याआधी फोन करून विचारा. मे महिन्यातच जमणार असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास ओहोटीला खडकाळ किनाऱ्यावर जा. डबक्यांत खेकडे, शिंपले, छोटे मासे सापडतात. दगड उलटून पाहिला तर तो होता तसाच परत ठेवायला लावा. त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात वाळून मरतात.