घरटं बसण्याआधी हाकला, नंतर नाही: पाखरांच्या बाबतीत या चुका टाळा

मृग लागला की आमच्या यवतमाळकडच्या वावरात दोन कामं एकाच वेळी सुरू होतात, आपली पेरणी आणि पाखरांची वीण. मोर सोयाबीनचं बियाणं उकरतात, पारवे वर आलेले कोंब टिपतात, आणि त्याच धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) झुडपाखाली लांडोर अंड्यांवर बसलेली असते. दुबार पेरणीची वेळ आली की कास्तकाराचा जीव किती जळतो ते मी घरात पाहिलं आहे. म्हणूनच त्या रागात होणाऱ्या चुका वेळेवर कळलेल्या बऱ्या.

“विणीचा महिना टळला की मारता येतं”

पारावर सर्वांत जास्त ऐकू येणारा गैरसमज हाच. जुन्या काळी परवाना काढून शिकार होत असे, त्याची आठवण अजून लोकांच्या डोक्यात आहे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा 1991 मध्ये बदलला आणि परवान्याची शिकार बंद झाली. आता बारा महिन्यांत शिकारीचा असा एकही मोकळा महिना नाही.

त्यातही या कायद्यातला ‘शिकार’ हा शब्द नीट समजून घ्या. बंदूक चालवली तरच शिकार, असं नाही. विष घालणं, फास लावणं, जाळ्यात धरणं हे त्यात येतंच, नुसता तसा प्रयत्न केला तरी येतं. रानपाखरांच्या बाबतीत अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हीसुद्धा शिकारच. म्हणजे विणीच्या दिवसांत एकही पाखरू न मारता माणूस गुन्ह्यात अडकू शकतो.

मोर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या पहिल्या यादीत आहे. त्याच्या शिकारीला किमान तीन वर्षं आणि कमाल सात वर्षं कैद, वर किमान 25 हजारांचा दंड. राघू, बगळे दुसऱ्या अनुसूचीत येतात. तिथे तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कावळ्याला पूर्वी ‘उपद्रवी’ म्हणून वेगळ्या पाचव्या अनुसूचीत टाकलं होतं. 2022 च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच निघाली, त्यामुळे “कावळा तं चालते ना?” या प्रश्नाला जुनं उत्तर देऊ नका.

“माह्यं वावर, माह्यी मर्जी”

वावर तुमचं आहे, पाखरू तुमचं नाही. दुसऱ्या अनुसूचीतल्या पाखरांपासून पीक वाचवण्यासाठी परवानगीची वाट कायद्यात आहे, पण ती मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडूनच जाते. परवानगी लेखी असते आणि तिच्यात कारणं नोंदलेली असतात. वनरक्षक चहा पिताना “पाहून घ्या तुम्हीच” म्हणाला, ही परवानगी नव्हे. स्वतःचा जीव वाचवण्यासाठी कायद्यात जी सूट आहे, ती पिकाला लागू होत नाही.

विषाचा दाणा

यावर फार बोलायची गरज नाही, कधीच करू नका. धुऱ्यावर ठेवलेला दाणा मोर खातो, शेजाऱ्याची कोंबडी खाते, आणि मेलेलं पाखरू कुत्रं ओढून नेतं.

घरटं भरलेलं आहे की रिकामं, हे न पाहताच हात घालणं

मागे एका उन्हाळ्यात आमच्या विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत साळुंकीने घरटं केलं. काड्या, सुतळी, कुणाच्या तरी साडीचा जरीचा धागा. मी रिकामं समजून ओढून काढलं आणि हातात निळसर अंडी आली, त्यातलं एक फुटलेलं. जोडी दिवसभर तारेवर ओरडत होती. तो आवाज अजून कानात आहे.

तेव्हापासून आमचा नियम असा. होळीच्या आधी पेटीची, पाइपाची, टिनाच्या पन्हाळीची भोकं बारीक तारजाळीने बंद करायची. राहून गेलं तर आधी लांबून तासभर पाहायचं. चोचीत काडी किंवा अळी घेऊन पाखरू येत-जात असेल तर घरटं चालू आहे. मग साळुंकीला पाच-सहा आठवडे द्यायचे. पिलं उडाली की घरटं काढायचं आणि त्याच दिवशी भोक बुजवायचं. तारेमुळे आग लागायची भीती असेल तर लाइन बंद करून वनविभागाला कळवा.

राघूंच्या ढोलीचंही तेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये ढोलीत चिखल कोंबला तर आत पिलं गुदमरतात. आणि त्यातलं एक पिलू काढून ‘मिठ्ठू’ म्हणून पिंजऱ्यात ठेवणं हासुद्धा गुन्हाच आहे, घरात त्याचे कितीही लाड झाले तरी.

बगळ्यांच्या चिंचेवर कुऱ्हाड

पावसाळ्यात गावातल्या चिंचेवर बगळे बसतात. घाण, वास, खाली पडलेले मासे. शेजाऱ्यांना त्रास होतो हे खरं आहे. पण फांदी पडली की पिलं जमिनीवर येतात. 2022 मध्ये केरळात महामार्गाच्या कामासाठी असं एक झाड पाडलं, पिलं मेली, तेव्हा यंत्र चालवणाऱ्यालाही अटक झाली. म्हणून मजुराला झाडावर चढवण्याआधी विचार करा, तोही अडकेल. चिंच, आंबा, मोह तोडायला आपल्याकडे वेगळी परवानगीही लागते. छाटणी करायची ती दिवाळीनंतर, घरटी रिकामी झाल्याची खात्री करून.

मग पीक वाचवायचं कसं?

बियाणं उघडं पडू देऊ नका, पेरणीबरोबर झाकणी नीट करा. उगवणीचे पहिले आठ-दहा दिवस पहाटे आणि दिवस मावळताना राखण हवीच, दुपारी तेवढी गरज नसते. ज्वारी हुरड्यात आली की चमकणारी लाल-रुपेरी पट्टी वाऱ्याला आडवी, किंचित पीळ देऊन बांधा. ती वाऱ्यात घुमली तरच पाखरं बिचकतात. चार-पाच दिवसांनी जागा बदला, नाहीतर राघू तिच्यावरच येऊन बसतात. मक्याचं कणीस त्याच झाडाच्या पानांनी गुंडाळता येतं. जाळी लावायची तर बारीक छिद्रांची आणि ताणून. ढिल्या जाळीत पाखरू अडकून मेलं तर त्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. कार्बाइडच्या पाइपबंदुकीने डोळे जातात, तिच्या वाटेला जाऊ नका.

डवरा (कोळपं) धरताना टिटवी पायाजवळ ओरडत फिरायला लागली की थांबा. उघड्या ढेकळांत मातीच्याच रंगाची, टोकं आत केलेली चार अंडी असतात. आमच्याकडे भोवती चार पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) रोवतात आणि डवरा तेवढी जागा वळसा घालून नेतात. साधारण महिनाभरात पिलं निघतात आणि लगेच चालायला लागतात. तेवढ्या तुकड्यातलं तण नंतर खुरप्याने काढता येतं.

जखमी पाखरू किंवा पडलेलं पिलू दिसलं तर कळवायला वनविभागाचा 1926 हा नंबर मोबाइलमध्ये ठेवा.