पी95 कुठे चुकतो? पर्सेंटाइल काढताना या चुका टाळा

पी95 म्हणजे 95 टक्के रिक्वेस्ट जेवढ्या वेळात किंवा त्याहून कमी वेळात पूर्ण होतात, तो वेळ. सर्वांत घातक चूक आधी: दोन सर्व्हरचे पी95 घेऊन त्यांची सरासरी काढणे. समजा, एका सर्व्हरवर 1000 रिक्वेस्ट आल्या, प्रत्येकीला 100 मिलिसेकंद लागले. दुसऱ्यावर 10 आल्या, प्रत्येकीला 2000. सरासरी येते 1050. पण सगळ्या 1010 चढत्या क्रमाने लावा. 960वी रिक्वेस्ट 100 मिलिसेकंदांचीच निघते आणि तोच खरा पी95. रिक्वेस्टच्या संख्येनुसार भार दिला तरी सुटका नाही. उत्तर 119 येते, आणि तेवढा वेळ एकाही रिक्वेस्टला लागलेला नाही. पर्सेंटाइल, म्हणजे आपले शाळेतले शतमक, ही क्रमातली जागा आहे. आकडा काढला की क्रम हरवतो. पाच-पाच मिनिटांचे पी95 साठवून त्यातून दिवसाचा पी95 काढणारेही नेमके इथेच फसतात.

एकत्र करायच्या त्या हिस्टोग्रामच्या बकेटमधल्या, म्हणजे वेळेच्या टप्प्यांमधल्या, रिक्वेस्टच्या मोजण्या. प्रोमिथियस या मोजमापाच्या साधनात नेहमीच्या हिस्टोग्रामसाठी क्रम पाळा: आधी रेट (वाढीचा वेग), मग ‘एलई’ लेबल (बकेटची वरची सीमा) राखून बेरीज, शेवटी पर्सेंटाइल काढणारे हिस्टोग्राम_क्वांटाइल. एलई गळाले तर उत्तर रिकामे येते. बेरीज आधी आणि रेट नंतर केला, तर सर्व्हर रीस्टार्ट होताच आलेखात खोटा सुळका दिसतो. ‘समरी’ प्रकारात प्रत्येक सर्व्हर आधीच काढून ठेवतो ते तयार क्वांटाइल (पर्सेंटाइलच) मात्र जोडता येतच नाहीत. अनेक सर्व्हर असतील तर सुरुवातीपासून हिस्टोग्रामच घ्या.

बकेटच्या सीमा कुठे आहेत हे तपासल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नका. नेहमीच्या हिस्टोग्राममध्ये 0.5 आणि 1 सेकंद या लागोपाठच्या सीमा आहेत आणि सगळ्या रिक्वेस्ट 0.52 सेकंदात संपल्या, तरी पी95 दिसेल 0.975. कारण बकेटमध्ये मोजण्या समान पसरल्या आहेत असे सॉफ्टवेअर धरून चालते. उपाय साधा: जिथे अलर्टची मर्यादा आहे, तिथे एक सीमा ठेवा आणि तिच्या आसपास बकेट अरुंद करा. पी99 ची रेघ बरोबर 10 सेकंदांवर सपाट झाली असेल, तर ती बहुधा शेवटची मर्यादित सीमा आहे; तिच्या पुढच्या बकेटला वरची सीमाच नसते. खरा वेळ त्याहून जास्त असू शकतो.

20च रिक्वेस्ट असतील तर क्रमाच्या पद्धतीने पी99 म्हणजे सर्वांत मोठा आकडाच.

दोन साधनांची उत्तरे जुळत नसतील तर आधी व्याख्या पाहा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 10, 20, 30, 40 यांचा 50वा पर्सेंटाइल ‘पर्सेंटाइल_कॉन्ट’ (आकड्यांमधली किंमत काढणारे) 25 देतो, ‘पर्सेंटाइल_डिस्क’ (यादीतलाच आकडा देणारे) 20. इलॅस्टिकसर्च हे शोध-साधन मुळात टी-डायजेस्ट या पद्धतीने अंदाजच काढते.