पटर म्हणजे बॅट नव्हे: पकडीतल्या या चुका टाळा

पुण्यात गोल्फकडे वळणारा माणूस बहुतेक वेळा क्रिकेट खेळूनच आलेला असतो. येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर सकाळी ग्रीनजवळ (होल, म्हणजे चेंडू घालायचा खड्डा, असलेली बारीक कापलेली हिरवळ) थोडा वेळ उभे राहा, कोण बॅटिंग करत वाढलाय ते लगेच कळतं. माझंही तेच. लहानपण सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेनिस बॉल झोडपण्यात गेलं, चाळिशीत गोल्फ धरलं. लांबचे फटके बरे बसायला लागले, पण पटर, म्हणजे ग्रीनवर चेंडू हलकेच होलकडे ढकलायची काठी, हातात घेतला की चार फुटांवरून चेंडू होलच्या डावीकडून बिनदिक्कत निघून जायचा. शेवटी एक जुने कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारे) म्हणाले, “साहेब, खालचा हात अजून बॅटवरच आहे तुमचा.”

(खाली सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.)

आधी एक हिशेब. होलचा व्यास ४.२५ इंच, म्हणजे मध्यापासून काठ दोन इंचांच्या जरासा पुढे. दहा फुटांवरून मारताना पटरचं तोंड (चेंडूला लागणारी बाजू) फक्त एक अंश वळलं, तर चेंडू मध्यापासून साधारण दोन इंच बाजूला जातो. म्हणजे थेट काठावर! पकडीचं काम काय, तर तो एक अंश वळू न देणं. जोर देणं तिचं काम नाही, त्याला खांदे आहेत.

बोटांत धरलेला पटर

ड्रायव्हर किंवा आयर्न या लांब फटक्यांच्या काठ्या आपण बोटांत धरतो, कारण तिथे मनगट मोकळं हवं असतं. पटरला नेमकं तेच नको असतं. बोटांत धरला की मनगट झटका देतं आणि तोंड वळतं. म्हणून पटरची मूठ डाव्या तळव्यातून तिरकी न्यावी, अंगठ्याच्या फुगीर गादीच्या कडेने, हस्तरेषा बघणारे जिला आयुष्यरेषा म्हणतात तिच्यावरून. बरोबर बसलं की बाजूने बघणाऱ्याला पटरची दांडी आणि तुमचा हात कोपरापासून जवळपास एका रेषेत दिसतो. मनगटाशी ठळक कोन दिसला तर पटर अजून बोटांतच आहे. आरसा नसेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा.

उजवा तळवा डाव्याच्या समोर यावा, नमस्कार करताना येतो तसा. बॅटवाल्यांचा उजवा हात मुठीच्या खाली सरकतो, तळवा आभाळाकडे वळतो आणि फटक्याच्या वेळी तो हात ढकलतो. माझे चेंडू डावीकडे जात होते ते यामुळेच. दोन्ही अंगठे मुठीच्या पुढच्या सपाट बाजूवर सरळ खाली. ही सपाट बाजू पटरलाच चालते, बाकी क्लबच्या, म्हणजे काठ्यांच्या, मुठी नियमाने गोल असाव्या लागतात. डाव्या हाताची तर्जनी काढून उजव्या बोटांवर ठेवली की झाली ‘रिव्हर्स ओव्हरलॅप’ पकड. बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, तुम्हीही करा.

आवळणं

पैज नाश्त्याची आहे, पट (पटरचा फटका) तीन फुटांचा आहे, आणि तुमच्या बोटांची पेरं पांढरी पडलीत. आवळलं की हातापासून खांद्यापर्यंत सगळं ताठ होतं आणि फटका ओढल्यासारखा होतो. अमृततुल्यमधला भरलेला गरम चहाचा ग्लास जसा धरतो, निसटणार नाही पण दाबलेलाही नाही, तेवढीच पकड हवी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच राहावा. बरेच जण सैल धरून मागे नेतात आणि चेंडूपाशी येताना आवळतात. हे स्वतःच्या लक्षात येत नाही. जोडीदाराला तुमच्या बोटांकडे बघायला सांगा.

पावसाळ्यात ही सवय जास्त बिघडते. ग्रीन ओलं असतं, चेंडू लवकर थांबतो, म्हणून माणूस मनगटाने दणका देतो. पटर थोडा जास्त मागे न्या, पकड तशीच ठेवा. मूठ मात्र कोरडी हवी, ओल्या रबरावर माणूस नकळत आवळतो. बॅगेत एक पंचा टाकून ठेवा.

सगळं बरोबर, तरी चेंडू वाकडाच?

मग पटरकडे बघा. ओळखीतून एक सेकंडहँड पटर घेतला होता, सहा महिने मी स्वतःच्या मनगटांना शिव्या घातल्या. एकदा उन्हात बसून नीट पाहिलं तर मुठीची सपाट बाजू पटरच्या तोंडाशी काटकोनात नव्हतीच, कुणीतरी मूठ तिरकी चढवली होती. अंगठे सरळ ठेवले की तोंड आपोआप डावीकडे! नवीन मूठ बसवल्यावर निम्मा आजार गेला. उरलेला निम्मा माझा.

लांबीही तपासा. पटर साधारण ३३ ते ३५ इंचांचे मिळतात. उंची कमी असलेला माणूस ३५ इंची पटर वापरायला लागला की कोपरं बाहेर येतात किंवा पटरच्या डोक्याचं पुढचं टोक जमिनीवरून उचललं जातं. मूठ थोडी खाली धरून बघा, सोपं वाटलं तर आखूड पटर लागेल.

दर रविवारी पकड बदलणारे मंडळी तर प्रत्येक ग्रुपमध्ये आहेत. डावा हात खाली घेणं वाईट नाही, अमेरिकन गोल्फर जॉर्डन स्पीथने तसंच पटिंग करून २०१५ मध्ये मास्टर्स आणि यूएस ओपन या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. पण त्याने ती पकड एका आठवड्यात सोडून दिली नव्हती. लांब पटर वापरणाऱ्यांनी मूठ किंवा वरचा हात छातीला, पोटाला टेकवून मारू नये. १ जानेवारी २०१६ पासून याला बंदी आहे, स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) दोन फटक्यांचा दंड बसतो.

घरी तपासायचं असेल तर हॉलमधल्या फरशीची सरळ सांध आहेच. तिच्यावर सतरंजी नको, सांध दिसली पाहिजे. दोन चेंडू सांधेच्या दोन बाजूंना एकमेकांना टेकवून ठेवा आणि एकाच फटक्यात दोन्ही हलके ढकला. दोन्ही बरोबरीने निघाले तर तोंड सरळ आहे. तुमच्यापासून लांबचा चेंडू पुढे पळाला तर तोंड मिटतंय, म्हणजे डावीकडे वळतंय, उजवा तळवा पुन्हा खाली सरकलाय का ते बघा. जवळचा पुढे गेला तर तोंड उघडं राहतंय. खालच्या मजल्यावरून काठीने ठोकल्याचा आवाज आला तर मात्र चेंडूंची जागा बदला, कपाटाशेजारी गालिच्याच्या कडेनेही हे जमतं.