पोरगा सेंटरला निघताना: फौजी बापाची तयारी

पोराची पेटी मी तीनदा भरली आणि तीनदा रिकामी केली. चौथ्यांदा तोच म्हणाला, "पप्पा, सरका. मी भरतो." चोवीस वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत काढून हवालदार म्हणून पेन्शनला आलेला माणूस मी, पण सरकलो. ज्यांची पोरं आता अग्निवीर होऊन बेळगावच्या रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरला निघालीत आणि ज्यांनी स्वतः तिथला रगडा खाल्लाय, अशा बापांसाठी हे लिहितोय.

आधी कागद. इथं नवखा घाबरून सगळं गोळा करतो आणि आपल्यासारखा जुना गाफील राहतो. माजी सैनिकाचा मुलगा म्हणून भरतीला लागणारं रिलेशन सर्टिफिकेट आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडूनच येतं, आणि त्यासाठी आपल्या डिस्चार्ज बुकातलं पोराचं नाव दहावीच्या मार्कशीटशी आणि आधारशी तंतोतंत जुळावं लागतं. आमच्याकडे एक इंग्रजी अक्षर जास्त निघालं. पोराच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजी रेकॉर्डातली नोंद, करताना स्पेलिंग मीच चुकीचं लिहून दिलं होतं, तेव्हा बोंब कुणाच्या नावाने मारणार? दुरुस्तीला वेळ जातो, म्हणून भरतीचा फॉर्म भरायच्या आधीच ते बुक काढून बघा. सरपंचाचा आणि पोलीस पाटलाचा दाखला, डोमिसाइल, फोटो हे बाकीचं पोरं आपापसात विचारून जमवतात.

मग दात. हसू नका. किडलेली दाढ घेऊन गेलेला रंगरूट पहिल्याच महिन्यात गाल सुजवून एमआय रूमच्या, म्हणजे फौजी दवाखान्याच्या, बाकावर बसतो आणि त्याचे पीरियड बुडतात. महिनाभर आधी दाढा भरून घ्या.

त्याहून मोठी गोष्ट पायाची. भरतीला पोरं १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारतात ती हलक्या बुटात किंवा अनवाणी. सेंटरला कडक बूट, सिमेंटवरची ड्रिल आणि पुढं वजन घेऊन पाच किलोमीटर. नडगीचं हाड अशानं दुखावतं. दोन महिने आधीपासून जाड मोजे आणि जड बूट घालून रोज तासभर चालवा, आणि जायच्या आधीच्या आठवड्यात पळणं कमी करा. नखं सरळ कापायची, कोपरे गोल करायचे नाहीत, नाहीतर ती मांसात घुसतात. आणि मुख्य म्हणजे दुखलं तर लपवायचं नाही, हे तुमच्या तोंडून त्याला ऐकू द्या. बाप फौजी असलेली पोरंच जास्त लपवतात. बापाला काय वाटेल म्हणून लंगडत पळतात, मग फ्रॅक्चर होतं आणि बॅच पुढं निघून जाते.

पेटीत काय घालायचं याची यादी त्यांना मिळतेच. माझ्याकडून फक्त चार वस्तू: सुईदोरा आणि जास्तीची बटणं, साधं कुलूप दोन किल्ल्यांसह, जुन्या सुती साडीची मऊ चिंधी, आणि पोस्टकार्डं. चिंधी बुटाच्या टोकासाठी. बाजारच्या फडक्याने चेरी पॉलिशला ती चमक येत नाही. बोटाला घट्ट गुंडाळून, थेंबभर पाणी घेऊन बारीक गोल गोल फिरवायची, हे मी त्याला ओसरीवर बसून शिकवलं. सगळ्या तयारीत त्याने मन लावून ऐकलेली तेवढी एकच गोष्ट. घरचा नंबर मात्र पाठ करून घ्या, कारण मोबाइल रोज हातात येणार नाही.

पैशाचं बोलणं घरातच उरका. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, त्यातले हातात २१,००० आणि ९,००० सेवा निधीत, म्हणजे चार वर्षांनी एकदम मिळणाऱ्या रकमेत, तेवढेच सरकार घालतं. चार वर्षांनी पुढं कायम होणार ते फार तर शंभरातले पंचवीस. आपल्यासारखं पेन्शन यात नाही. दहावीवर गेलेल्याला बारावीच्या तोडीचं सर्टिफिकेट मिळायची सोय आहे, ती त्याने घ्यावी असं आधीच ठरवा. ट्रकच्या हप्त्याचे बेत आपण आखू नयेत.

ट्रेनिंग एकतीस आठवड्यांचं, त्यात पहिले दहा बेसिकचे. या दहा आठवड्यांची तयारी पोराची कमी आणि आपलीच जास्त. फोन आला की "आमच्या वेळी" हे दोन शब्द गिळायचे. तो म्हणेल झोप मिळत नाही, तर म्हणायचं, बरं. आई विचारेल जेवलास का, तिला बोलू द्यायचं. आणि सेंटरला कुणी ओळखीचा असला तरी फोन लावायचा नाही. मी लावला. फक्त "पोरगा कसा आहे?" एवढंच विचारलं होतं. पुढच्या रविवारी पोरगा म्हणाला, "पप्पा, सगळी प्लाटून मला हवालदारसाहेब म्हणतीय." त्यानंतर तीन आठवडे तो फक्त आईशी बोलला. मी अंगणात.

दहाव्या आठवड्यानंतर आवाज बदलतो. फायरिंगचं सांगायला लागला, की समजायचं रुळला. एकदा मलाच विचारून बसला, आपल्या रेजिमेंटच्या नाईक यशवंत घाडगेंना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती लढाई कधीची? मी १९४४ म्हणालो. "तारीख, पप्पा. १० जुलै." गप्प बसलो.

कसम परेडची, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावरच्या शपथेच्या परेडची, तयारी मात्र लवकर करा. साताऱ्याहून बेळगाव सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर आहे, सकाळची परेड गाठायची तर आदल्या रात्रीच मुक्कामाला पोचा. आजीला न्यायचं असेल तर टोपी, पाण्याची बाटली आणि बसायला घडीचं स्टूल. मेडल लावणार असाल तर रिबन आधी धुऊन ठेवा, माझी पिवळी पडली होती. आईबापाच्या छातीवर गौरव पदक लावतात, तेव्हा साडीला पिन नीट बसेल असा जाड पदर पोराच्या आईला नेसायला सांगा. तिथं "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" झालं तेव्हा माझे पाय आपोआप सावधानमध्ये जुळले. शेजारी आणखी तिघांचे जुळलेले दिसले.

सुट्टीवर आला की पहिले दोन दिवस झोपू द्या. पावण्यांसमोर सॅल्यूट मारून दाखव म्हणू नका. पेटी आमच्या माजघरात ठेवलीय. कुलूप मीच दिलेलं, दोन्ही किल्ल्या त्याच्या खिशात.